‘मी नालायक’ म्हणणारा आवाज

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारी मराठी मुलं पुष्कळ भेटतात. २०२४च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. शिफारस झाली १,००९ जणांची. तरीही पूर्वपरीक्षा हुकली की मनातला टीकाकार गणित विसरतो. ‘मी नालायक!’

अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे फार उपयोगी पडते. त्रास नुसत्या अपयशाचा नसतो, ‘पास व्हायलाच हवं’ या हट्टाचाही असतो. तो कागदावर लिहावा, पुरावा मागावा. ‘पेपर चुकला’ हे खरं. ‘माणूसच वाया’ याला पुरावा कुठला?

मनातला हा आवाज झोप, जेवण हिरावू लागला, तर १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर जरूर बोला.