फाटक्या कागदातला तांब्या

तांब्या वाकडा आला म्हणून आमच्या धाकटीने चित्रकलेची वहीच फेकली. मी पाठकोरे कागद काढले, त्यांवर पोस्टर रंगाचे जाड हात मारायला लावले आणि कात्री लपवली. हाताने फाडताना एका तुकड्याला पांढरी कड राहते. तीच काठाची चकाकी झाली.

घाईने चिकटवू नये. तुकडे सरकवून पाहावेत. तांब्या, लिंबू ओळखू आलेच पाहिजे असे नाही. गडदाशेजारी फिके शोभले की पुरे. खळ पातळ झाली तर कागद फुगतो.

फ्रान्सचे चित्रकार मातीस १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर पुढे रंगवलेल्या कागदांचीच चित्रे करू लागले. त्यांची मात्र कात्री होती.

धाकटीचा तांब्या निळा झाला आहे. आमच्या घरचा पितळेचा आहे.