अनुवादाविना एक प्रसंग : ‘द ड्रॅगन प्रिन्स’मधील सांकेतिक भाषा आणि प्रेक्षकांची टीका

एखादी कथामालिका लोकप्रिय झाली म्हणजे तिच्या चाहत्यांत प्रत्येक भागाची बारकाईने चर्चा सुरू होते. कोणत्या पात्राने काय केले, त्याचा हेतू काय असावा, पुढे काय घडेल, या प्रश्नांवर मंडळी तासन् तास बोलत राहतात. या बोलण्यास विद्याक्षेत्रात सहसा मान मिळत नाही. रिकाम्या वेळचा उद्योग म्हणून त्याची संभावना होते. ही उपेक्षा काही ठिकाणी रास्तही असेल. परंतु क्वचित असा प्रसंग येतो की, ही चर्चा झाली नसती तर बहुसंख्य प्रेक्षकांना कलाकृतीतील एक संपूर्ण संवाद अज्ञातच राहिला असता. अशा वेळी चर्चा ही करमणूक न राहता टीकेचे, म्हणजे भाष्यग्रंथांना अभिप्रेत असलेल्या अर्थविवरणाचे, कार्य करू लागते. ‘द ड्रॅगन प्रिन्स’ या अमेरिकन सचेतन चित्रमालिकेच्या एका भागाच्या आधारे हे कार्य स्पष्ट करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१

अ‍ॅरन इहाझ व जस्टिन रिचमंड हे या मालिकेचे जनक होत. नेटफ्लिक्सवर तिचा पहिला खंड १४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सातव्या खंडाबरोबर तिचे ६३ भाग पूर्ण झाले. कथेची भूमी काल्पनिक आहे. पश्चिमेस मानवांची पाच राज्ये, पूर्वेस झेडिया ही मायाशक्तीने भारलेली भूमी, तेथे ड्रॅगन आणि एल्फ नावाची यक्षसदृश जात, आणि या दोहोंमध्ये पिढ्यान् पिढ्यांचे वैर, अशी तिची मांडणी आहे. मानवांनी ड्रॅगनांच्या राजाचा वध केला असून त्याचे एकुलते एक अंडेही नष्ट झाले, अशी समजूत आहे. ते अंडे शाबूत असल्याचा शोध दोन राजपुत्र आणि एक एल्फ कन्या यांना लागतो आणि ते आईकडे पोचविण्यासाठी तिघे निघतात. येथून कथेचा आरंभ होतो.

पहिल्या खंडाच्या पाचव्या भागाचे नाव ‘अ‍ॅन एम्प्टी थ्रोन’, म्हणजे रिक्त सिंहासन, असे आहे. राजा हॅरो मारला गेला आहे. राजपुत्र बेपत्ता आहेत. राजाचा सल्लागार विरेन सिंहासनावर बसू पाहत आहे. अशा वेळी सीमेवरील सेनापती अमाया राजधानीत येते. ती दिवंगत राणी सराईची बहीण व राजपुत्रांची मावशी होय. अमाया कर्णबधिर आहे. ती अमेरिकन सांकेतिक भाषेत बोलते आणि ग्रेन नावाचा तिचा सहकारी तिचे बोलणे इतरांना उच्चारून सांगतो. चौथ्या भागात थोरला राजपुत्र कॅलम तिच्याशी याच भाषेत बोलताना दिसतो. म्हणजे प्रेक्षकास तिचे म्हणणे समजावे याची व्यवस्था कथेतच केलेली आहे.

पाचव्या भागातील एका प्रसंगी मात्र ही व्यवस्था हेतुपुरस्सर काढून घेतलेली दिसते. अमाया बहिणीच्या पुतळ्यासमोर एकटी येते आणि तिच्याशी हातांनी बोलू लागते. ग्रेन जवळ नाही. उपशीर्षके नाहीत. पुढेही कोणी त्या बोलण्याचा खुलासा करीत नाही. ज्यांस ही भाषा अवगत नाही त्यांस एक शोकाकुल स्त्री आणि तिचे हलणारे हात एवढेच दिसते. ज्यांस ती अवगत आहे त्यांस पूर्ण भाषण कळते.

२

या प्रसंगाचे मर्म कळण्यासाठी सांकेतिक भाषेचे स्वरूप थोडे ध्यानी घेतले पाहिजे. ऐकू येणाऱ्या माणसांचा या भाषांविषयी एक जुना गैरसमज आहे. हातवारे म्हणजे बोलण्याची दुबळी नक्कल, असे ते धरून चालतात. विल्यम स्टोको यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाने या समजुतीस पहिला शास्त्रीय धक्का दिला. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी दाखवून दिले की, या भाषेतील प्रत्येक संकेत हा अखंड चित्रासारखा नसून त्याचे घटक पडतात. हाताचा आकार, तो शरीराच्या कोणत्या स्थानी धरला आहे ते स्थान आणि त्याची गती, हे ते तीन घटक होत. तळहाताची दिशा हा चौथा घटक पुढील संशोधकांनी जोडला. उच्चारित भाषेत ‘काळ’ आणि ‘गाळ’ हे शब्द एका वर्णाच्या फरकाने निराळे होतात. त्याचप्रमाणे येथे एका घटकाच्या फरकाने संकेताचा अर्थ बदलतो.

चेहऱ्याचे कार्य याहूनही लक्षणीय आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येते तो विचारताना या भाषेत भुवया उंचावतात. ‘कोण’, ‘का’, ‘कोठे’ अशा प्रश्नांत त्या आकुंचित होतात. ऐकणारा प्रेक्षक ज्यास केवळ भावनेची छटा समजतो ते पुष्कळदा व्याकरण असते. तसेच अनुपस्थित व्यक्तीला समोरच्या अवकाशात एक जागा नेमून दिली जाते आणि पुढे त्या जागेकडे निर्देश केला की तो सर्वनामाचे काम करतो.

ही भाषा जगभर एकच आहे, असाही एक समज आढळतो. तोही चुकीचा आहे. १८१७ साली हार्टफर्ड येथे थॉमस गॅलॉडेट व फ्रान्सहून आलेले कर्णबधिर शिक्षक लोरां क्लेर यांनी जी शाळा काढली तीतून अमेरिकन सांकेतिक भाषेची वाढ झाली. त्यामुळे तिचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, ब्रिटिश भाषेशी नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा या दोहोंहून स्वतंत्र आहे. इंग्रजी अक्षरे बोटांनी दाखविताना अमेरिकेत एक हात, तर भारतात सामान्यतः दोन हात वापरतात. म्हणून पुण्यातील एखाद्या कर्णबधिर प्रेक्षकासही अमायाचे भाषण आपोआप कळेल असे नाही.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त व्यंजनेचा विचार करताना एक सूक्ष्म मुद्दा मांडला आहे. ज्यांना स्वतःचा वाच्यार्थ नाही असे गीताचे स्वरही भाव सूचित करतात. शब्दरहित चेष्टाही तो सूचित करतात. अर्थात् व्यंजकत्व हे वाचकत्वावर सर्वस्वी अवलंबून नाही. या दृष्टीने पाहता पुतळ्यापुढील प्रसंगात एक विलक्षण स्थिती निर्माण होते. तेच हात, तीच गती, तोच चेहरा. पण एका प्रेक्षकाच्या लेखी ती अवाचक चेष्टा आहे, तर दुसऱ्याच्या लेखी तो वाचक शब्द आहे. पहिल्यास शोकाची सूचना मिळते, पण कोणत्या गोष्टीचा शोक, कोणत्या शब्दांत, हे मिळत नाही. दुसऱ्यास वाच्यार्थही मिळतो आणि त्याच्या आधारे सूचनाही मिळते.

भरताच्या वर्गीकरणासही येथे एक अडचण उपस्थित होते. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार त्याने सांगितले. ‘नाट्यशास्त्रा’त एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा वर्णिल्या आहेत, परंतु त्या मुद्रा मुख्यतः काव्याच्या साथीने चालतात. अमायाच्या हातांमागे दुसरे काव्य नाही. हात हेच तिचे वचन आहे. साधन आंगिक असूनही कार्य मात्र वाचिकाचे, असा हा प्रकार आहे.

प्रेक्षकांच्या चर्चेचे स्थान येथे निश्चित होते. भाग प्रदर्शित झाल्यावर सांकेतिक भाषा जाणणाऱ्या चाहत्यांनी या भाषणाचा अर्थ इतरांस सांगितला. ते बहिणीच्या आठवणीचे आणि तिच्या मागे राहिलेल्या मुलांविषयीचे बोलणे आहे हे कळताच प्रसंगाचे स्वरूप पालटले. मोघम दुःखास निश्चित विषय मिळाला. चौथ्या भागात ही मुले अमायाच्या हातून निसटली होती. त्या घटनेशी या भाषणाचा दुवा जुळला. पुढे १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दुसरा खंड आला व त्यात सराईच्या मृत्यूची हकीकत उघड झाली, तेव्हा पुतळ्यापुढील शब्दांना आणखी एक थर प्राप्त झाला. अर्थ जाणणाऱ्यांनी तो आधी सांगून ठेवला नसता, तर हा थर बहुतेकांच्या नजरेतून सुटला असता.

याच चर्चेतील दुसरा विषय चित्रणपद्धतीचा होता. पहिल्या खंडात हालचाल अडखळत होते, अशी तक्रार पुष्कळ प्रेक्षकांनी केली; निर्मात्यांनी तिची दखल घेऊन दुसऱ्या खंडात सुधारणा केली. सामान्य प्रसंगात हा केवळ डोळ्यांच्या सुखाचा प्रश्न आहे. परंतु गती हा ज्या भाषेत अर्थाचा घटक आहे, तेथे मधली चित्रे गाळणे म्हणजे उच्चारातील वर्ण गाळण्यासारखे होय. हातांच्या रचनेचाही असाच प्रश्न आहे. या मालिकेतील एल्फांच्या हाताला अंगठ्यासह चारच बोटे आहेत. पाच बोटांच्या हातावर उभी राहिलेली संकेतपद्धती अशा हाताने वापरावयाची झाल्यास करंगळीवर आधारलेले आकार कसे साधावेत? प्रश्न वरवर बालिश वाटतो. वस्तुतः तो ध्वनिविचारातील उच्चारस्थानांच्या प्रश्नासारखाच आहे.

४

या विवेचनावर एक पूर्वपक्ष संभवतो. निर्मात्यांनी अनुवाद दिला नाही तो विचारपूर्वक, असे धरल्यास चाहत्यांनी तो पुरविणे हे कलाकृतीच्या हेतूविरुद्ध नव्हे काय? ती स्त्री आपल्या मृत बहिणीशी एकांतात बोलत आहे. तिचे शब्द न कळणे हाच त्या एकांताचा मान होय. अर्थ जाहीर झाल्याने तो एकांत भंगतो.

या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो एका गृहीतकावर उभा आहे. प्रेक्षक म्हणजे ऐकणारा प्रेक्षक, असे ते गृहीतक होय. जो सांकेतिक भाषा जाणतो त्याच्यापुरता हा प्रसंग कधीच गुप्त नव्हता. त्यास तो नाटकातील स्वगताइतकाच उघड होता. स्वगतातही पात्र एकटेच बोलते, आणि तरी ते प्रेक्षकास ऐकू येते. तेव्हा प्रसंगाने एकांत राखला असे म्हणण्यापेक्षा, त्याने श्रोत्यांची निवड बदलली असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ही निवड बदलण्यास जो इतिहास आहे तो विसरता येत नाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून सांकेतिक भाषा वगळावी असा ठराव केला आणि त्याचे परिणाम अनेक देशांतील शाळांवर दीर्घकाळ झाले. त्या ठरावाचा जाहीर त्याग व त्याबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० सालची व्हँकुव्हर येथील परिषद उजाडावी लागली. चित्रपटांच्या बाबतीतही हेच. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने उपशीर्षकांच्या अभावाबद्दल नेटफ्लिक्सविरुद्ध दावा लावला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची तडजोड होऊन २०१४ पर्यंत सर्व चित्रणांस उपशीर्षके देण्याचे ठरले. तोवर तेथील कर्णबधिर प्रेक्षकास कित्येक संवाद ओठांच्या हालचालींवरून ताडावे लागत, अथवा शेजाऱ्यास विचारावे लागत.

पुतळ्यापुढील त्या थोड्या क्षणांत ही स्थिती नेमकी उलटली. पडद्यावर काय बोलले जात आहे हे ऐकणाऱ्यास कळेना, आणि त्यासाठी त्याला कर्णबधिर शेजाऱ्यास विचारावे लागले. ज्ञान ज्याच्याकडे असावयाचे असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्याच्याकडे ते नव्हते. उपशीर्षके दिली असती तर ही विचारणा घडलीच नसती. या दृष्टीने पाहता चाहत्यांनी अर्थ सांगणे हा त्या मौनाचा भंग नसून ते मौन ज्यासाठी ठेवले गेले असावे त्या हेतूची पूर्ती आहे.

५

मल्लिनाथासारख्या टीकाकाराची प्रतिज्ञा अशी की, मुळात नाही ते लिहावयाचे नाही आणि अनावश्यक ते सांगावयाचे नाही. चाहत्यांच्या चर्चेतील बराच भाग या कसोटीस उतरणार नाही. पुढील कथानकाविषयीचे तर्क आणि पात्रांविषयीचे अभिनिवेश तीत भरपूर असतात. पण प्रस्तुत प्रसंगापुरते पाहिल्यास त्यांनी जे केले ते टीकाकाराचेच काम होते. मुळात असलेलाच अर्थ त्यांनी सांगितला, आणि ज्यास तो आवश्यक होता त्यासच सांगितला.

टीका वाचल्याने पहिले वाचन पुसले जात नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. अर्थ कळल्यानंतर तो भाग पुन्हा पाहणाऱ्यास दोन्ही अनुभव एकत्र येतात. आधी केवळ हात दिसले होते. आता शब्द दिसतात. आणि आपण प्रथम काय पाहू शकलो नव्हतो, याचीही जाणीव सोबत राहते. ही तिसरी जाणीव सांकेतिक भाषा जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्यास आली नाही, कारण त्याला तिची गरजच नव्हती.