उसना आणलेला गरुड

ऐका तर मग. मंगोलियाच्या पार पश्चिमेला, अल्ताई पर्वताच्या कुशीत, बायान-उल्गी नावाचा प्रांत आहे. देश मंगोलियाचा, पण तिथं राहणारी दहातली नऊ माणसं कझाक. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला उल्गी गावाबाहेरच्या माळावर ही माणसं गरुडांची जत्रा भरवतात. १९९९ पासून भरते आहे. शिकारीची विद्या मात्र त्यांच्या पणजोबांच्याही आधीची.

घोड्यावर बसलेला माणूस, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, उजव्या हातात जाड चामडी हातमोजा आणि त्यावर सोनेरी गरुड. गरुड म्हणजे मादीच बरं का! शिकारीला नराला फारसं कुणी विचारत नाही. मादी चांगली थोराड, पाच-सहा किलोंची. पंख पसरले की दोन मीटरच्या वर. मादीच मोठी का, म्हणतोस? मल्हार, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मोठा झालास की बघ तुला सुटतंय का. आणि एवढं ओझं हातावर तोलून घोडा हाकणार कसा? म्हणून खोगिराशी एक लाकडी बेचकं असतं, त्यावर हात टेकवायचा.

स्पर्धा अशी. मदतनीस गरुडाला घेऊन डोंगरावर चढतो. मालक खाली मैदानात घोड्यावर. वर गरुडाच्या डोळ्यांवरची टोपी काढली की खालून हाळी. गरुडानं झेप घेऊन थेट मालकाच्या हातावर उतरायचं. किती वेळात उतरला, कसा उतरला, यावर गुण.

मला मात्र खरी गंमत वाटली ती न ऐकणाऱ्या गरुडांची. मालक ओरडून ओरडून घसा बसवून घेतो आणि बाईसाहेब शेजारच्या खडकावर बसून पिसं साफ करतात. एखादी तर डोंगरापलीकडे निघून जाते, की मालक घोडा पिटाळत तिच्या मागे! लोक हसतात, पण कुणी त्या मालकाला नावं ठेवत नाही.

कारण गरुड म्हणजे काही कुत्रा नव्हे. कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात जन्मला. गरुड दर वेळी रानातूनच आणावा लागतो, घरट्यातून किंवा जाळं लावून. त्याला मायेपेक्षा हिशेब कळतो: हातमोज्यावर गेलं की मांस मिळतं. म्हणून शिकारीआधी त्याला बेतानंच खायला घालतात. पोट भरलं असेल तर तो उडायचे कष्ट घेत नाही, आणि फार उपाशी ठेवला तर अंगात ताकद उरत नाही. नेमकी किती भूक ठेवायची, हे जोखण्यात शिकाऱ्याची सारी अक्कल. ही विद्या बाप मुलाला देतो. मुलीलाही, ऋता! २०१४ साली ही जत्रेतली स्पर्धा आयशोलपान नुरगाइव नावाच्या तेरा वर्षांच्या पोरीनं जिंकली. घरट्यातून पिल्लूही तिनंच काढून आणलं होतं.

आता गरुडाच्या डोळ्यांवरच्या त्या चामडी टोपीचं. गरुडाचा डोळा जवळजवळ आपल्या डोळ्याएवढा, पण डोकं केवढंसं! खोबणीत तो इतका गच्च बसलेला असतो की बुबुळ फारसं फिरत नाही, म्हणून गरुड सारखी मान वळवतो. आपल्या डोळ्यात सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा एकच असते, त्याच्या डोळ्यात दोन: एक समोरचं पाहायला, एक बाजूचं. नजर आपल्या दुपटीहून तीक्ष्ण. सगळं जगणं डोळ्यांवर, म्हणून डोळे झाकले की तो गप्प. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवत, तेव्हा त्या चित्त्यांच्याही डोळ्यांवर अशीच टोपी असे.

खरी शिकार हिवाळ्यात. बर्फात कोल्ह्याचे ठसे दिसतात. उंच कड्यावर उभं राहायचं, खालून कुणी हाका करून कोल्हा उठवला की टोपी काढायची. पुढचं काम पंजाचं. इलेक्ट्रिशियन वायरी बांधायला प्लॅस्टिकचा दातेरी पट्टा वापरतो ना, एकदा ओढला की मागं सरकत नाही? गरुडाच्या बोटांतल्या स्नायुबंधांना खालून तसेच बारीक उंचवटे असतात. आवळलं की ते भोवतीच्या आवरणातल्या वळ्यांमध्ये अडकतात आणि फारशी ताकद न लावता पकड टिकते. मग मालक मांसाचा तुकडा पुढं करून कोल्हा सोडवून घेतो.

रानातला पक्षी धरावा का, यावर तुम्ही भांडा. मलाही ते सगळं पटतं असं नाही. पण त्यांची एक रीत मला मोठी वाटते. आपल्याकडं पाळीव चित्त्यांना पिल्लं होईनात म्हणून रानातलेच धरत राहिले. शिकार झाली, माळरानंही गेली, आणि १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. कझाक शिकारी मात्र मादीला काही वर्षं, फार तर दहाएक वर्षं, ठेवतो. मग वसंतात तिला दूर डोंगरात नेतो, निरोपाचं जेवण म्हणून मेंढी कापून ठेवतो आणि तिला सोडून देतो. सोनेरी गरुड पाचेक वर्षांत वयात येतो आणि रानात तीस वर्षं जगल्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे दहाव्या वर्षी सुटलेल्या मादीपुढं घरटं बांधायला अजून बरीच वर्षं असतात.