उरलेली शेळी मोजायची कशी?
बेटावर मोकाट सुटून माजलेल्या पाळीव जनावरांची संख्या घटली की काम फत्ते झालं, असं सर्रास समजलं जातं. संख्या आटोक्यात ठेवणं म्हणजे नियंत्रण. निर्मूलन (पैदास करू शकणारं एकही जनावर न उरणं) ही वेगळी गोष्ट. शेतातली हरळी वरवर खुरपली तर मुळीतून पुन्हा पसरते, तसंच हे. गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावर १९५९ मध्ये मच्छीमारांनी तीनच शेळ्या सोडल्या; पंधराएक वर्षांत त्या ३०,००० च्या घरात गेल्या.

त्याच द्वीपसमूहातल्या इसाबेला बेटावर शेळ्यांनी अल्सेडो ज्वालामुखीवरची झाडी फस्त केली. या झाडांवर धुकं अडून थेंब थेंब गळायचं, खाली डबकी साचायची, त्यावर महाकाय कासवांची तहान भागायची.

हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून बहुतेक शेळ्या संपवल्या. घाम काढला तो दडून बसलेल्या उरल्यासुरल्यांनी. मग रेडिओ-पट्टा (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) बांधलेल्या शेळ्या सोडल्या. शेळीला एकटं करमत नाही. ती कळप हुडकते, मागोमाग शिकारी पोचतात. क्रूर वाटतं, आणि आहेच. पण निम्म्यावर थांबलं तर दरवर्षी नव्याने गोळ्या झाडाव्या लागतात. उत्तर इसाबेला आणि याच द्वीपसमूहातल्या सॅन्टियागो बेटावरची मोहीम २००६ मध्ये आटोपली.