दान नव्हे, न्याय

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे असतात, विनामूल्य उपचार घेतलेल्या रुग्णांची संख्या असते. मदत स्वीकारताना रुग्णाच्या मनाला काय वाटले, याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात होत नाही. ज्यू समाजाच्या सेवापरंपरेने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. त्यातील काही तत्त्वे आमच्या हितचिंतकांसमोर ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

हिब्रू भाषेत दानासाठी 'त्सेदाका' हा शब्द रूढ आहे. तो 'त्सेदेक' म्हणजे न्याय या शब्दाशी निगडित आहे. त्यामुळे गरजूस साहाय्य करणे ही देणाऱ्याची मेहेरबानी न ठरता त्याचे कर्तव्य ठरते. दानावर उदरनिर्वाह करणाऱ्यानेही यथाशक्ती दान द्यावे, असा दंडक आहे. कारण देण्याच्या मानापासून कोणासही वंचित ठेवायचे नाही.

प्राचीन ज्यू वस्त्यांत गरिबांसाठी 'कुप्पा' हा साप्ताहिक निधी आणि 'ताम्हुई' ही रोजच्या अन्नवाटपाची व्यवस्था असे. निधी दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा, असा नियम होता. वाटप हाही एक न्यायनिवाडाच असून त्यास तीन पंच हवेत, ही त्यामागील भूमिका. बाराव्या शतकातील तत्त्वचिंतक व वैद्य मोझेस मायमोनिडीज यांनी दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने दिलेले दान सर्वांत खालचे. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन गरजूस स्वतःच्या पायांवर उभे करणे सर्वांत श्रेष्ठ. त्याखालोखाल ते दान, ज्यात देणारा व घेणारा परस्परांस ओळखत नाहीत.

रुग्णाची विचारपूस करणे, म्हणजे 'बिक्कुर होलिम', हेही धर्मकर्तव्यच. भेटीस येणारा रुग्णाच्या आजाराचा साठावा हिस्सा आपल्यासोबत नेतो, असे तालमुदात म्हटले आहे. जमिनीवर निजलेल्या रुग्णापेक्षा उंच आसनावर बसू नये, हा त्यातील संकेत आमच्या मते फार अर्थपूर्ण आहे.

ही परंपरा महाराष्ट्रास परकी नाही. कोकणात शनिवारी तेलघाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाने तिची जपणूक केली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगचे नावच मुळी 'दयेचे द्वार' या अर्थाचे आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू झाली. पुढे तीच सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि इतर समाजांतील मुलेही तेथे मोठ्या संख्येने शिकली. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ पासून रुग्णसेवा करीत आहे. आज ज्यू समाज भारतात संख्येने अत्यल्प उरला आहे. पण ससूनच्या दारी येणाऱ्यास त्याचा धर्म कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. खाटा राखणे हा कायद्याचा भाग झाला. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला हाती घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाची मान खाली जाणार नाही, हे पाहणे मात्र आमचे काम आहे. तो याचना करीत नसून आपला हक्क मागत आहे. विश्वस्तांपासून वॉर्डातील सेवकांपर्यंत आम्हां सर्वांना याचे भान राहिले, तरच देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया सार्थकी लागला, असे म्हणता येईल.