आधी फोन, मग मीटिंग

दारू सुटावी म्हणून घरोघरी काय काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. देवासमोर शपथ घ्यायला लावतात, गळ्यात माळ घालतात, जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरी आणतात. आमच्या घरीही हे सगळं करून झालं होतं. दादाची दारू हलली नाही. शेवटी मी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी विचारलं, "पिणारे तुम्ही, की घरचं कुणी?" मोठा भाऊ म्हटल्यावर म्हणाले, "मग त्यांनाच फोन द्या. मीही पिणाराच. आम्ही दोघं बोलतो."

दादा आधी फोन घेईना. मग घेतला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलत राहिला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पण शनिवारी कुठे जायचं ते तो स्वतःच कागदावर लिहून घेऊन आला.

या संस्थेची सुरुवातच अशा एका फोनपासून झाली आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. धंद्याचं काम फसलं, हॉटेलात तो एकटा पडला. दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि बार समोर होता. तिकडे न जाता त्याने हॉटेलच्या फोनवरून चर्चना फोन लावायला घेतले. त्याला बोलायला दुसरा पिणाराच हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच संस्थेचा स्थापनादिन मानतात.

संस्थेच्या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, म्हणून मी दादाबरोबर जाऊ शकलो. मुंबईतल्या एका शाळेचा वर्ग, संध्याकाळची वेळ. बाक मुलांचे, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे वर येत होते. भिंतीवर पाढे, शेजारी दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा फलक. नोंदवही नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासद व्हायची अट.

दारातच चहा मिळाला. मला कप भरून, दादाला अर्धाच. हात थरथरत असले की भरलेला कप सांडतो आणि चारचौघांत तो सांडला की माणूस पुन्हा येत नाही, हे चहा देणाऱ्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. डॉक्टर, समुपदेशक, आम्ही घरचे, यांपैकी कुणालाच जे सुचलं नसतं ते त्या अर्ध्या कपात होतं.

मग एकेक जण पुढे येऊन बोलला. पहिलं नाव, "मी मद्यपी", आणि पुढे आपली हकिगत. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून कुणाची गोष्ट इथे सांगत नाही. बोलण्याची रीत मात्र सांगतो. "तुम्ही असं करा" हे वाक्य तासाभरात एकदाही आलं नाही. मध्येच कुणी बोललं नाही, उत्तर दिलं नाही, शाबासकीही नाही. शेवटी पैशांचा डबा फिरला. मी पाकीट काढलं तर शेजारच्यांनी हात धरला, "हे आमच्यातच." बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम आहे.

बोलून दारू सुटते का, असं लोक विचारतात. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, माणसाला या मीटिंगांकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. तरी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे मीटिंगच्या आधी डॉक्टर हवा, काहींना दाखलही व्हावं लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र अशाच कामासाठी आहे.

दादाची मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. घरात आम्ही सगळे गप्प झालो. मीटिंगमध्ये त्याला एवढंच म्हणाले, "परत आलात, बरं केलंत." आणि पुन्हा चहा. आज तो दारूशिवाय आहे, उद्याचं तोही बोलत नाही.

तुमच्या घरी कुणी पीत असेल तर १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर व्यसनमुक्तीची चौकशी करा आणि जवळच्या मीटिंगचा वार, वेळ, पत्ता आजच काढून ठेवा. स्वतःसाठी अल-अनॉनची, म्हणजे घरच्यांची मीटिंगही शोधा. पिणारा माणूस "येतो" म्हणाला की त्याच संध्याकाळी त्याला घेऊन निघा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.