रोख्यामागचा व्यवहार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण ऐकत आलो. पण ही पायरी बांधली कुणी?

पेशवाईत गोतसभा आणि पंचायती निवाडे करीत. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनने पंचायती काही काळ चालू ठेवल्या. १८२७च्या कायदेसंग्रहाने मात्र सरकारी दिवाणी कोर्टं पक्की झाली. १८६२ मध्ये मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं. त्यावरचं अपील लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे!

गावच्या पंचाला सावकारही ठाऊक असे आणि कुळही. नव्या न्यायाधीशापुढे यायचा तो रोखा, खाली कुणब्याची नांगराची निशाणी. शेतकरी पुष्कळदा हजरच होत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा, पाठोपाठ जप्ती. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या गावांत लोकांनी सावकारांचे रोखे जाळले, त्याचं एक मोठं कारण हेच.

तेव्हा १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. रोख्यावरचा आकडा खरा न मानता न्यायाधीशाने मूळ व्यवहार तपासायचा, मुद्दल किती, व्याज किती ते पाहायचं. या कायद्याखाली पुढे खास न्यायाधीश झाले ते आपल्या निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे. त्याआधी नाशिकच्या कोर्टातही त्यांनी काम केलं होतं. १८९३ मध्ये ते हायकोर्टात गेले, म्हणून आपण त्यांना न्यायमूर्ती म्हणतो. मला मात्र गावोगावची कोर्टं तपासत फिरणारे रानडे अधिक मोठे वाटतात.

लंडनची वाट १९४९ मध्ये बंद झाली. १९५० पासून शेवटचं अपील दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जाऊ लागलं.